शेवटच्या डब्यातले फेटे

१४ ऑक्टोबर. आजचं काम: लॅपटॉपवर उतरवून घेतलेल्या तीन फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरपैकी एक ठेवायचं, दोन काढून टाकायची. संध्याकाळपर्यंत ठरवायला हवं, कारण उद्या फोटो पाठवायचे आहेत.

फोटो आहेत वन्संच्या चित्रांचे. चित्रं म्हणजे कागदावरची नव्हेत. दिवाळीत मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मांडायच्या दोन-अडीच इंचांच्या रंगीत बाहुल्यांना आमच्याकडे चित्रं म्हणतात. मावळे, पहारेकरी, गवळण, टोपलीवाली कोळीण. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर दर वर्षी दिवाळीआधी महिनाभर आमच्या मागच्या पडवीत बसून चित्रं रंगवली. मुरुडच्या बाजारातल्या एका दुकानात ती विकायला जायची. प्रत्येक वर्षातली बारा मात्र त्या मागे ठेवायच्या, कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. झाकणावर साल. असे अठरा डबे आहेत. एकोणिसावा होणार नाही. गेल्या डिसेंबरात वन्सं वारल्या.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात पुस्तकं छापते. तिला या चित्रांचं छोटंसं पुस्तक काढायचं आहे. प्रत्येक डब्यातली दोन, आणि शेवटच्या डब्यातली सगळी, असे फोटो तिने मागितले. घरात कॅमेरा धरायला दुसरं कोणी नाही. मी काढले.

भात कापून झालंय. शेतं एकदम मोकळी, पेंढ्याचा गरम वास रस्त्यापर्यंत येतो. वारा पडलेला, समुद्र चपटा. दुपारी एक ते चार अंगणात पाय ठेववत नाही. लोक या उन्हाला नावं ठेवतात. वन्सं ठेवत नसत. "रंग कसा पटापट वाळतोय बघ," म्हणायच्या. पावसात त्यांचं काम चालायचं नाही. हवेतच पाणी, ब्रश उचलेपर्यंत रंग ओघळायचा. थंडीत बोटं दुखायची. म्हणजे वर्षातला हा एक महिना त्यांचा. कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले असायचे, त्यांचा वास आणि व्हार्निशचा वास एकत्र होऊन पडवीत बसायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो वास यायचा बंद झाला होता. या वर्षी नुसते बोंबील येतात.

पहिलं सॉफ्टवेअर मोबाइलमधलंच, लॅपटॉपवरही चालतं. मुलीने सुचवलं. त्यात कोळणीचा फोटो टाकला तर त्याने तिचं तोंड ओळखलं. दाण्याएवढं तोंड! ओळखून लगेच गाल गुळगुळीत केले, डोळे मोठे केले, हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं. हे गोंदण वन्सं टाचणीच्या डोक्याने करायच्या, श्वास रोखून. मी ते सॉफ्टवेअर तिथल्या तिथे काढलं. एक निकाली.

दुसरं मोठ्या नावाचं. महिनाभर वापरून बघायला देतात. ते हुशार आहे. छोट्या वस्तूचा जवळून फोटो काढला की नाक स्वच्छ येतं आणि पाठ धूसर; किंवा पाठ येते आणि नाक जातं. या सॉफ्टवेअरला पाच-सहा फोटो दिले की ते प्रत्येकातला स्वच्छ भाग उचलून एकच फोटो करतं, नखशिखांत स्पष्ट. शिवाय त्यात ‘ऑटो’ नावाचं एक बटन आहे. त्याच्याबद्दल पुढे.

तिसरं फुकट. कुठल्याशा हौशी लोकांनी मिळून केलेलं, दिसायला कळाहीन, कुठलं बटन कुठे आहे ते शोधण्यात माझा रविवार गेला. पण त्यात एक ड्रॉपर आहे. तो हातात घेतला की सॉफ्टवेअर विचारतं, या फोटोत पांढरं कुठे आहे ते दाखव. आपण दाखवायचं. आपण दाखवू ते पांढरं धरून ते बाकीचे सगळे रंग लावून घेतं.

मला हे लगेच समजलं, कारण माझं रोजचं काम तेच आहे. मी मुरुडला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. सकाळी मशीन सुरू केलं की आधी पेशंट घेत नाही. आधी कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. त्याचं उत्तर बरोबर आलं तर मशीनवर विश्वास ठेवायचा. नाही आलं तर दारात कितीही रांग असो, थांबायचं. पंचवीस वर्षांत मी हे एकदाही टाळलेलं नाही.

वन्संच्या कामाची एक रीत होती. एका दिवशी एकच रंग. पेणहून आणलेल्या साच्यातून शाडूची चित्रं काढून, वाळवून, पत्र्यांवर ओळीने मांडलेली असत, दोनशेच्या आसपास. मग एक दिवस सगळ्यांची तोंडं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे केस आणि मिशा. त्या दिवशी पडवीत गेलं की दीडशे मिशाळ, बिनकपड्यांची माणसं आपल्याकडे बघत असायची. मग अंगरखे, शेले, तलवारी. पांढरा रंग सगळ्यात शेवटी, कारण आधी लावला तर बाकीच्या रंगांचे हात लागून मळतो. तो दिवस फेट्यांचा. फेटे झाले की चित्रं जिवंत व्हायची, आणि वन्सं पत्र्यांपासून दोन पावलं मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "चला, उभे राहिले."

मला सुट्टी असेल त्या दिवशी मी पॉलिशपेपरने साच्याच्या शिवणी घासून द्यायची. तेवढंच. आम्ही दोघी सव्वीस वर्षं एका घरात राहिलो आणि भांडलो नाही, कारण कामापुरतं बोलायचो. त्यांना चहा कमी साखरेचा लागायचा, मला जास्त. दोन पातेली. त्या मला सुनीता म्हणायच्या, मी त्यांना अहो-जाहो. मैत्रिणी होतो असं मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी फेट्यांच्या दिवशी मी चारच्या एसटीने घरी आले. पत्रे अंगणात उन्हाला ठेवले होते. दीडशे फेटे पिवळे. भडक नव्हे; दुधात चिमूटभर हळद टाकावी तसे. गवळणीची चोळी तशीच. बगळ्यांची एक जोडी होती, तेही तसेच.

पार्वती मासळीची पाटी घेऊन आली होती. ती आमच्याकडे वीस वर्षं येते आणि तिला कोणाची भीड नाही. पाटी पायरीवर टेकवून तिने अंगणाकडे पाहिलं आणि कमरेला हात लावला.

"काय गो बाय, तुमची पलटन हलदीला निंगाली का काय?"

"कसली हळद?" वन्सं म्हणाल्या.

"या काय! सगल्या नवऱ्यांना हलद लागलीय. बँजो लावा आता."

मी हसले. हळदीच्या रात्री आमच्या या किनाऱ्यावर काय गोंधळ असतो ते माहीत असेल त्याला हसू येईलच.

"पांढरेच आहेत ते," वन्सं म्हणाल्या. "तुझ्याच डोळ्यांत हळद गेलीय पार्वती. जा, आधी डोळे तपासून ये."

"व्हय, माझंच डोलं तपासा. कोलंबी घेता का न्हाय ते सांगा."

कोळंबी घेतली. पार्वती गेली. मी पडवीत जाऊन बाटल्या पाहिल्या. पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. शेजारची मलई रंगाची, जी शेल्यांच्या काठाला वापरतात, ती तळाला गेली होती. मी दोन्ही बाटल्या उचलून वन्संच्या समोर धरल्या.

"वन्सं, यातली पांढरी कोणती?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "दोन्ही पांढऱ्याच. एक जुनी दिसतेय. का गं?"

मला कळलं. अगदी तेव्हाच कळलं. लॅबमध्ये शेजारच्या खोलीत महिन्यातून दोनदा डोळ्यांचे डॉक्टर बसतात. मोतीबिंदूचे पेशंट पिवळट पडलेल्या भिंतीलाही पांढरीच म्हणतात, ते मी दाराआडून पुष्कळदा ऐकलेलं आहे. नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. पण दीडशे फेटे वाळत पडले होते, आणि दुकानात परवा द्यायचे होते. सांगितलं असतं तर वन्संनी सगळे पुन्हा रंगवायला घेतले असते, आणि कुठली बाटली ते प्रत्येक वेळी मला विचारलं असतं. तो अपमान त्यांना सोसला नसता, आणि मलाही तिथे बसायला वेळ नव्हता. मी दमले होते. दिवाळी झाली की डोळे दाखवू, असं मी मनात म्हटलं. मनातच.

तोंडाने म्हटलं, "काही नाही. चहा टाकते."

चित्रं विकली गेली. पिवळ्या फेट्यांची तक्रार कोणी केली नाही. गल्लीतल्या किल्ल्यावर मोहरीचं गवत उगवलं होतं, त्यात ते मावळे बरे दिसत होते.

भाऊबीज झाल्यावर आठव्या दिवशी, दुपारी तीनला, वन्सं पडवीतून अंगणात उतरत होत्या. तीन पायऱ्या आहेत. कोब्याच्या, अंगणाच्याच रंगाच्या. ऊन होतं. पाणी सांडलेलं नव्हतं. पाय घसरला असं सगळे म्हणतात, पण पाय घसरला नव्हता. मी ओट्यापाशी होते, खिडकीतून पाहिलं. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांनी जमिनीवर टाकावं तसं पाऊल पुढे टाकलं. तिसरी पायरी त्यांच्या लेखी तिथे नव्हतीच.

खुब्याचं हाड. अलिबागला ऑपरेशन. ते नीट झालं. मग छातीत कफ, मग ताप. पाच आठवडे. मी डबे नेले, कपडे नेले, रिपोर्ट वाचून ह्यांना समजावून सांगितले. बाराव्या-तेराव्याचं सगळं मीच पाहिलं, काही कमी पडू दिलं नाही. लोक म्हणाले, सुनीताने बहिणीसारखं केलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दात काढून घरी आल्यावर ओठ जसा असतो तसं काहीतरी आहे. जीभ लावून पाहावी तर ओठ जागेवर आहे, पण कोणा दुसऱ्याचा. मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत उतरेल.

फोटो काढले तसेच पुण्याला पाठवले होते. परवा तिकडून मेसेज आला. "काकू, फोटो मस्त आलेत! फक्त शेवटच्या डब्यातले बारा पिवळे दिसताहेत, लाइटचा प्रॉब्लेम असेल. एडिटिंगमध्ये फेटे पांढरे करून पाठवाल का? बाईंचा पांढरा आम्हाला माहीत आहे ना, शाळेत कसा लखलखीत काढायला लावायच्या!"

मुलीला फोन केला. ती नवी मुंबईत असते, तिला यातलं कळतं.

"आई, एवढं काय त्यात? ऑटो मार, सेव्ह कर, पाठवून टाक. खतम."

"ऑटो म्हणजे नक्की काय करतं ते?"

"अगं, त्याला कळतं ना. फेटा कसा असायला पाहिजे, स्किन कशी असायला पाहिजे. तू का डोकं लावतेस? सॉफ्टवेअरला लावू दे ना."

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो दाबलं. एक क्षणसुद्धा लागला नाही. फेटे पांढरे. तोंडं तशीच, शेले तसेच, नुसते फेटे पांढरे. बगळे पांढरे. गवळणीची चोळी पांढरी. एकामागून एक बाराही करून पाहिले. सतराव्या डब्यातल्या मावळ्यांशेजारी ठेवले तर कोणी म्हणणार नाही की मधे काही बिघडलं. त्या पत्र्यांवर त्या दुपारी काही झालंच नव्हतं. पार्वती काही म्हणालीच नव्हती. मी बाटल्या उचलल्याच नव्हत्या. पुस्तक छापून आलं की हेच खरं ठरणार होतं, आणि त्या एका बटनात माझी सुटका होती.

मग तेच फोटो तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. ड्रॉपर घेतला. पांढरं कुठे आहे, त्याने विचारलं. मी पहिल्या मावळ्याच्या फेट्यावर टेकवला.

फेटा पांढरा झाला, आणि बाकीचा सगळा फोटो निळा पडला. मावळ्याचं तोंड बुडून मेलेल्या माणसासारखं. हात निळे, खालचा लाकडी पाट निळा. वन्संचा पांढरा खरा धरला की जगाचं काय होतं ते समोर होतं. किती पिवळं झालं होतं तेही त्यावरून मोजता येत होतं. बाराही फोटोंवर तेच करून पाहिलं. पहिल्या फोटोपासून बाराव्यापर्यंत निळा सारखाच. म्हणजे हात कुठेही चुकलेला नव्हता. काठ सुबक, घड्या मोजून पाच, तुऱ्याचा टिपका जागेवर. हात शेवटपर्यंत बरोबर होता.

हे कंपनीतून आले तेव्हा मी स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. ऑटोचा पांढरा, आणि जसाच्या तसा पिवळा. वर्षभरात ह्यांनी डब्यांचं कपाट उघडलेलं नाही. चप्पल काढता काढता वाकून पाहिलं.

"हा बरा आहे," म्हणाले. पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"तो खरा नाही."

"ताईला पांढराच तर करायचा होता. तिच्या मनात होतं ते दिसू दे की."

यात चूक काही नाही. मीही दुपारभर तेच घोकत होते. पण पेशंटला काय व्हायचं होतं ते रिपोर्टात लिहीत नाहीत.

"मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"डोळे. फेट्यांच्या दिवशी. मी दोन बाटल्या दाखवल्या होत्या त्यांना. त्यांना फरक कळला नाही."

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किका मारण्याचा आवाज येत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"दीडशे फेटे होते."

"दीडशे," हे म्हणाले. जाऊन पंखा लावला, खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवायला काय आहे?"

मी सांगितलं. वाटाण्याची उसळ.

दुसरं सॉफ्टवेअर काढून टाकलं. तिसरं ठेवलं. त्याला नखशिखांत स्पष्ट फोटो जमत नाही, मावळ्यांची पाठ थोडी धूसर राहील. राहू दे. त्याचं एक बरं आहे, ते स्वतःहून काही ठरवत नाही. पांढरं काय ते आधी विचारतं. प्रश्न एवढाच उरला की पांढरं आणायचं कुठून. फोटोत तर एकही पांढरी वस्तू नव्हती. कंट्रोल लावल्याशिवायच मी बारा नमुने वाचले होते. पुन्हा काढायला हवे होते. लॅबच्या पिशवीत फिल्टर पेपरचं पाकीट होतं. कात्रीने त्याच्या बारा पट्ट्या कापून ठेवल्या.

सकाळी साडेसहाला, पिवळं ऊन यायच्या आत, पडवीत पाट मांडला. एकेक चित्र कापसातून काढलं, शेजारी पांढरी पट्टी उभी केली, फोटो काढला. मावळे, गवळण, बगळे. ड्रॉपर पट्टीवर टेकवला. पट्टी पांढरी राहिली, तोंडं माणसांची राहिली आणि फेटे पिवळे राहिले. फोटोतल्या पट्ट्या कापल्या नाहीत. पाठवताना खाली लिहिलं: "लाइटचा दोष नाही. रंग बरोबर आहेत. त्या वर्षी बाईंना मोतीबिंदू होता. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. छापायचे तर असेच छाप."

एसटीला अजून पाऊण तास होता. डबे कपाटात ठेवताना रंगांच्या खोक्यात ती पांढरी बाटली हाताला लागली. सील तसंच. तोडलं, थोडं पाणी घालून ढवळलं. वन्संचा रुंद ब्रश घेतला आणि पडवीच्या पायऱ्यांवर बसून तिसऱ्या पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढायला लागले.

दात घासता घासता हे बाहेर आले. "आता कशाला?"

"दिसायला," मी म्हटलं. "बाजूने उतरा, ओली आहे."